लहान फोन, मोठा टॅब आणि दूध बिलाचे सात कॉलम

एका जुन्या अँड्रॉइड ॲपचे स्क्रीन सगळ्या आकाराच्या फोनवर आणि टॅबवर नीट बसतील असे करून घ्यायचं काम गेले काही महिने चालू होतं, ते आता संपलंय. काम चालू असताना मराठीत कुठे सलग लिहिलेलं मिळालं नाही म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. इंग्रजीत माहिती भरपूर आहे, पण तिथली उदाहरणं ईमेलच्या नाहीतर फोटोंच्या ॲपची असतात. आपल्याकडे प्रश्न असतो तो सात कॉलमचं बिल साध्या फोनवर दाखवायचा, तेही मराठीत आणि अक्षर मोठं करून ठेवलेल्या फोनवर.

ॲप दूध संकलनाचं आहे, कोल्हापूर भागातल्या काही गावांच्या दूध संस्था ते वापरतात. संस्थेत सचिव सकाळ-संध्याकाळ टॅबवर नोंद करतात, सभासदाचा कोड नंबर, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग), आणि दर-रक्कम ॲप काढतं. सभासद घरी आपल्या फोनवर रोजचं दूध आणि दहा दिवसांचं बिल बघतात. ॲप २०१९ चं आहे, एक्सएमएल लेआउटमधलं (स्क्रीन लिहायची जुनी पद्धत), उभ्या फोनसाठी केलेलं आणि उभंच लॉक केलेलं. तेव्हा सचिवसुद्धा फोनवरच नोंद करायचे, टॅब नंतर आले. गेली काही वर्षं हे ॲप मी एकटीच सांभाळते.

जुलै २०२५ मधे प्ले कन्सोलवर (प्ले स्टोअरला ॲप जिथून टाकतो ती गुगलची साइट) सूचना दिसली की ३१ ऑगस्टनंतर अपडेट टाकायचं असेल तर टार्गेट, म्हणजे ॲप ज्या आवृत्तीसाठी तयार केलंय ती, अँड्रॉइड १५ (एपीआय ३५) हवं. अशी मुदत दरवर्षी येते आणि बहुतेक वेळा आकडा बदलला, एकदोन परवानग्या तपासल्या की भागतं. यावेळी तसं नव्हतं. एपीआय ३५ टार्गेट केलं की अँड्रॉइड १५ असलेल्या फोनवर ॲप आपोआप एज-टू-एज होतं, म्हणजे आपला स्क्रीन वर स्टेटस बारच्या आणि खाली नेव्हिगेशन बारच्या मागेपर्यंत पसरतो. एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) चालवून बघितलं तर सभासदाचं नाव वरच्या घड्याळात मिसळलेलं आणि खालचं 'बिल पाठवा' बटण तीन बटणांच्या पट्टीमागे अर्धं दडलेलं. जुन्या अँड्रॉइडच्या फोनवर मात्र सगळं जसंच्या तसं. त्यामुळे तुमच्याकडे फक्त जुना फोन असेल तर हे कळणारच नाही, अँड्रॉइड १५ चा एम्युलेटर उतरवून घ्याच.

थीममधे एक ॲट्रिब्यूट टाकून हे तात्पुरतं बंद ठेवता येतं. मी ते टाकलं नाही, कारण अँड्रॉइड १६ टार्गेट केल्यावर ते चालत नाही, आणि त्याच अँड्रॉइड १६ ची दुसरी अट आमच्यासाठी जास्त मोठी होती. ज्या स्क्रीनची लहान बाजू ६०० डीपी (स्क्रीनवरच्या जागेचं माप, हिशोब पुढे देते) किंवा जास्त आहे तिथे ॲपने लावलेलं उभं-आडवं लॉक सिस्टीम मानतच नाही. म्हणजे टॅब आडवा धरला की ॲप आडवं होणार, ॲपची तयारी असो नसो. आमचे सचिव तर टॅब स्टँडवर आडवाच ठेवतात आणि आत्तापर्यंत मधोमध उभी पट्टी आणि दोन्हीकडे काळं असं बघत काम करत होते. यासाठीही वर्षभराची पळवाट आहे, पण एपीआय ३७, म्हणजे पुढच्या अँड्रॉइडला, तीही बंद. मग ठरवलं की दोन वर्षांत दोनदा मलमपट्टी करण्यापेक्षा एकदाच नीट करू.

त्यासाठी वेळ हवा होता. प्ले कन्सोलमधे मुदतवाढ मागता येते, १ नोव्हेंबर २०२५ पर्यंत मिळत होती, कागदपत्रं काही लागत नाहीत, त्याच सूचनेत फॉर्म असतो. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच मागून ठेवली आणि मिळाली. ती मिळेपर्यंत जीवात जीव नव्हता, कारण मधे दरपत्रक बदललं आणि अपडेट अडकलं तर शेतकऱ्यांची बिलं चुकीची दिसली असती. तुम्हाला वेळ लागणार असं वाटत असेल तर शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

आता डीपीचा हिशोब सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. स्क्रीनचे पिक्सेल किती हे बघून लेआउट ठरत नाही. पिक्सेलला १६० ने गुणायचं आणि स्क्रीनच्या डीपीआयने (एका इंचात किती पिक्सेल) भागायचं, येतं ते डीपी. ७२० पिक्सेल रुंदीचा स्वस्त फोन ३२० डीपीआयला ३६० डीपी रुंद असतो, आणि १०८० पिक्सेलचा महाग फोन ४८० डीपीआयला तोही ३६० डीपीच. दोघांवर ॲप सारखंच दिसतं, फक्त महाग फोनवर अक्षर जास्त रेखीव. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण सेटिंगमधे 'डिस्प्ले साइज' नावाचा पर्याय असतो, तो वाढवला की डीपीआय बदलतो. तोच ७२० चा फोन ३६० डीपीआयवर गेला की रुंदी उरते ३२० डीपी. फोन तोच, काच तेवढीच, आणि आपल्याला मिळालेली जागा चाळीस डीपीने कमी. त्यावर 'फॉन्ट साइज' वेगळा, तो जागा कमी करत नाही पण अक्षर मोठं करतो. या दोन्ही गोष्टी एकदम वाढवलेला फोन ही वेगळीच परीक्षा असते, आणि गावात असे फोन फार आहेत.

हे मला कागदावर माहीत होतं, पण नेमकं काय दिसतं ते बघायला एका संध्याकाळी संकलनाच्या वेळी संस्थेत जाऊन बसले. सचिव काकांना सांगितलं की लोकांचे फोन बघायचेत, ॲप कसं दिसतं तेवढंच. कॅन घेऊन येणारा जो तो थांबून दाखवत होता. एक मावशी म्हणाल्या, "ताई, रक्कमच दिसंना झालीया बघा, नुसते टिंब टिंब येत्यात." त्यांच्या मुलाने नीट दिसावं म्हणून अक्षर आणि डिस्प्ले दोन्ही मोठं करून दिलं होतं, आणि आमच्या बिलात शेवटचा कॉलम रक्कमेचा, तो जागा न मिळाल्याने तीन टिंबांत संपत होता. दहा दिवस राबून किती पैसे येणार हे बघायलाच ज्या बाईने ॲप उघडलं तिला तेवढंच दिसत नव्हतं. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बिल करायचं हे तिथेच ठरलं. एक दादा म्हणाले फोन आडवा केला तरी काय होत नाही, आणि ते खरंच होतं, लॉक होतं ना.

परत आल्यावर एपीआय ३५ न करता एक छोटं अपडेट मुदतीच्या आत सोडलं, त्यात फक्त स्क्रीनची रुंदी डीपीमधे आणि फॉन्टचं प्रमाण किती एवढंच ॲनालिटिक्सला (वापराची आकडेवारी जमवणाऱ्या सेवेला) पाठवायची सोय केली. नाव, नंबर काही नाही. हे करायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही आणि अंदाजावर काम करायची वेळ येत नाही. ३६० डीपी सगळ्यात जास्त, मग ४११ च्या आसपासचे, आणि ३२० वालेसुद्धा चांगले दिसण्याइतके होते. फॉन्ट १.३ करून ठेवलेले तर बरेच. अँड्रॉइड १४ पासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत नेता येतो, तसेही दिसले. प्ले कन्सोलमधे डिव्हाइस कॅटलॉग असतो, तिथे कोणते मॉडेल किती हे कळतं, पण वापरणाऱ्याने सेटिंग काय केलंय ते कळत नाही, आणि मला तेच हवं होतं.

यातून एक गोष्ट पक्की झाली आणि शेवटपर्यंत तीच धरून काम केलं: फोन कोणता हे विचारायचंच नाही, आत्ता या क्षणी ॲपला रुंदी किती मिळालीय आणि अक्षर केवढं आहे एवढंच विचारायचं. 'हा टॅब आहे का' अशी चौकशी कोडमधे जिथे जिथे होती तिथून काढून टाकली. टॅबवर दोन ॲप शेजारी उघडली की टॅबवरही फोनएवढीच जागा मिळते, आणि घडीचा फोन उघडला की फोनवर टॅबएवढी. गुगलने रुंदीचे वर्ग करून दिलेत, ६०० डीपीच्या आत कॉम्पॅक्ट, ६०० ते ८४० च्या आत मीडियम, ८४० पासून पुढे एक्स्पांडेड. (१२०० आणि १६०० ला आणखी दोन आहेत, ते डेस्कटॉपसारख्या मोठ्या खिडक्यांसाठी, आमच्या कामाचे नाहीत.) हे वर्ग खिडकीचे, म्हणजे ॲपला मिळालेल्या जागेचे आहेत, यंत्राचे नाहीत, हे लक्षात राहिलं की निम्मे गोंधळ आपोआप मिटतात.

ऑगस्टचा उरलेला भाग इन्सेट्समधे, म्हणजे सिस्टीमच्या पट्ट्यांसाठी जागा सोडण्यात गेला. ज्या स्क्रीनवर काही लिहिलेलं किंवा दाबायचं आहे तिथे सिस्टीम बार आणि कॅमेऱ्याची खाच या दोन्हींची जागा सोडून आशय ठेवायचा, पण पार्श्वभूमीचा रंग मात्र कडेपर्यंत जाऊ द्यायचा. यादी सरकवताना ती खालच्या पट्टीमागून जाऊ दे, शेवटची ओळ तेवढी पट्टीच्या वर येऊन थांबली पाहिजे, म्हणजे पॅडिंग (कडेची मोकळी जागा) यादीच्या आत द्यायचं, बाहेरच्या डब्याला नाही. कंटाळवाणं काम आहे, एकेक स्क्रीन उघडायचा आणि बघायचा. तीन बटणांची पट्टी आणि जेश्चर (बोट सरकवून चालवायची पद्धत) दोन्ही लावून बघा. आमच्या भागात तीन बटणंवालेच जास्त आणि तिथेच झाकलं जातं.

मग बिल. सात कॉलम होते: तारीख, वेळ, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. ३२० डीपीतून दोन्ही कडांचे सोळा-सोळा गेले की उरले २८८, त्याचे सात भाग केले तर एकेकाला जेमतेम ४१ डीपी. '१२३४.५०' एवढी रक्कम चौदाच्या अक्षरात लिहायलाच पन्नासच्या वर लागतात, फॉन्ट १.३ केला की सत्तरपर्यंत जातात. म्हणजे हे गणित सुटणारच नाही, कॉलमच्या रुंदीची वाटणी कितीही बदलली तरी. अक्षर बारीक करणं हा पर्याय मी विचारातच घेतला नाही, ज्याने मुद्दाम मोठं केलंय त्याला आपण परत बारीक का द्यायचं. आडवं सरकवायचं टेबल हा दुसरा पर्याय, पण मग रक्कम पडद्याबाहेर जाते आणि सरकवायचं असतं हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

शेवटी कॉम्पॅक्ट रुंदीला टेबल मोडून एकेका दिवसाचं कार्ड केलं. वर तारीख आणि त्या दिवसाची एकूण रक्कम ठळक, खाली सकाळची एक ओळ, संध्याकाळची एक ओळ. त्या ओळीत लिटर, फॅट, एसएनएफ, दर असे छोटे तुकडे, जे मावतील तेवढे एका ओळीत, न मावलेले आपोआप पुढच्या ओळीत. हा एक स्क्रीन मी नव्याने कंपोझमधे (अँड्रॉइडचे स्क्रीन लिहायची नवी पद्धत) लिहिला, तिथे फ्लो-रो नावाचं हेच करणारं मिळतं. रक्कमेला एक नियम लावला, ती कधीच कापायची नाही, टिंब येऊ द्यायचे नाहीत, जागा नसेल तर तारखेखाली उतरायचं पण पूर्ण दिसायचं. आणि ६०० डीपीच्या पुढे मात्र पूर्ण सात कॉलमचं टेबल ठेवलं, कारण सचिवांना आणि जुन्या सभासदांना संस्थेच्या कार्डावर आडव्या ओळी वाचायची सवय आहे, दोन दिवसांचा फॅट वर-खाली बघून ताडता येतो. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ या गायीच्या दुधाच्या पायाभूत आकड्यांच्या खाली कुठला दिवस गेला हे टेबलात एका नजरेत दिसतं, कार्डात दिसत नाही. म्हणून कार्डात त्या तुकड्याला वेगळा रंग आणि शेजारी खालचा बाण दिला. नुसत्या रंगावर ठेवलं नाही, उन्हात रंग कळत नाही.

मराठीचं वेगळं लिहायला हवं, कारण इंग्रजी लेखांत हे येतच नाही. जुन्या लेआउटमधे बऱ्याच ठिकाणी मजकुराला ठरावीक उंची दिलेली होती, चोवीस डीपी वगैरे. इंग्रजी अक्षर त्यात बसतं, 'फॅट' लिहिलं की वरचा चंद्र कापला जातो आणि 'एकूण' मधला दीर्घ ऊकार खालून. फॉन्ट मोठा केला की वेलांट्याही जातात, मग वाचणाऱ्याला अंदाजाने वाचावं लागतं. उपाय साधा आहे, उंची ठरावीक न देता किमान उंची द्यायची आणि वाढायची मोकळीक ठेवायची, ओळीतलं अंतर जरा सैल ठेवायचं. बटणांचंही तेच. इंग्रजी 'Save' चार अक्षरांत होतं, 'नोंद जतन करा' ला तिप्पट जागा लागते, आणि शेजारी 'रद्द करा' असेल तर मोठ्या फॉन्टवर दोन्ही एका ओळीत मावत नाहीत. तिथे बटणं एकाखाली एक येऊ दिली. दाबायची जागा कुठेही ४८ डीपीपेक्षा लहान ठेवली नाही, धार काढून आलेल्या ओल्या हातानेही लोक फोन वापरतात. डिझाईन करताना सगळ्यात लांब मराठी मजकूर आधी टाकून बघा, आमच्याकडे तो 'कपात वजा जाता देय रक्कम' हा होता. तो बसला की बाकीचं बसतं.

एक गोष्ट स्क्रीनशी संबंध नाही असं वाटेल पण आहे. संस्थेत छोटा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर असतो, ५८ मिलिमीटर कागदाचा, त्यात छपाईची रुंदी ३८४ ठिपके. मराठी अक्षरं त्यावर सरळ छापता येत नाहीत म्हणून स्लिपचं चित्र करून पाठवतात, आणि आमच्या ॲपमधे ते चित्र पडद्यावर दिसणाऱ्या लेआउटवरूनच काढलं जायचं. पडदा एकाच मापाचा होता तोवर ते चाललं. आता पडद्यावरचा लेआउट रुंदीप्रमाणे बदलणार म्हटल्यावर स्लिपही बदलली असती, टॅबवर सात कॉलम दाबून बसवलेली, न वाचता येणारी. म्हणून स्लिपसाठी पूर्ण वेगळा लेआउट केला, नेहमी ३८४ रुंद, फॉन्टच्या सेटिंगला न जुमानणारा. हे करायला एक अख्खा आठवडा गेला. तुमच्या ॲपमधे पीडीएफ, पावती, शेअर करायचं चित्र असं काही पडद्यावरून निघत असेल तर ते आधी शोधून ठेवा, लेआउट बदलायच्या आधी.

सप्टेंबरमधे टॅबकडे वळले. चाचणीला हातात खरा टॅब हवा म्हणून वापरलेला आठ इंची घेतला, सहा-सात हजारांत मिळाला, ८०० बाय १२८० पिक्सेलचा. नेमका हाच घेतल्याचा फायदा झाला, कारण त्याचा डीपीआय २१३ आणि हिशोब केला तर उभी रुंदी येते ६०१ डीपी. म्हणजे सीमारेषेवर एका डीपीने पुढे. डिस्प्ले साइज एक घर वाढवला की तो ६०० च्या खाली येतो आणि फोनचा लेआउट दिसतो, आणि तसंच दिसायला हवं, कारण जागा खरंच कमी झालेली असते. अट फक्त एवढीच की त्या बदलात काही हरवू नये.

आडव्या टॅबवर सचिवांच्या स्क्रीनचे दोन भाग केले, डावीकडे आज दूध घातलेल्या सभासदांची यादी, उजवीकडे नोंद. आधी प्रत्येक सभासदामागे यादी, नोंद, परत यादी असं जा-ये होतं, सकाळी रांग लागलेली असताना ते फार जाचक व्हायचं. कंपोझमधे लिस्ट-डिटेल असा तयार साचा आहे, जागा असली की दोन्ही भाग दाखवतो, नसली की एकच. इथे एक खाचखळगा आहे तो नक्की बघा. मोठा फोन आडवा केला की त्याची रुंदी ८९१ डीपी होते, म्हणजे एक्स्पांडेड वर्गात जाते, पण उंची असते ४११ च्या आसपास. फक्त रुंदी बघितली तर फोनवरही दोन भाग होतात, कीबोर्ड वर आला की रकान्याला जागाच उरत नाही. म्हणून उंचीचा वर्गही बघायचा, ४८० डीपीच्या आत असेल तर ती कॉम्पॅक्ट, तिथे एकच भाग आणि सरकवता येणारा फॉर्म.

फिरवल्यावर अँड्रॉइड स्क्रीन नव्याने उभा करतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण ॲप लॉक असेल तर त्याची वेळ सहसा येत नाही आणि कोड त्या भरवशावर लिहिलेला असतो. लिटर भरलेत, फॅट भरायचाय, तेवढ्यात टॅब हलला आणि लिटर पुसलं गेलं तर सचिवांना पुन्हा माप घ्यावं लागेल, आणि दूध तोवर मोठ्या कॅनमधे ओतलेलं असतं. म्हणून लॉक काढायच्या आधी प्रत्येक फॉर्ममधला अर्धवट मजकूर व्ह्यूमॉडेलमधे आणि सेव्हड स्टेटमधे (स्क्रीन नव्याने उभा राहिला तरी माहिती टिकते अशा जागी) नेला, एकेक रकाना भरून, फिरवून, ॲप मागे टाकून, परत आणून तपासला. सगळ्यात जास्त वेळ या भागाला दिला आणि तो द्यायलाच हवा होता.

चाचणीचं थोडं. खूप फोन विकत घ्यायची गरज नाही. एडीबीमधे (कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन) डब्ल्यूएम साइज आणि डब्ल्यूएम डेन्सिटी अशा दोन कमांड आहेत, एकाच फोनला हव्या त्या मापाचा करता येतं, झाल्यावर दोन्हींना रिसेट द्या नाहीतर फोन तसाच राहतो. अँड्रॉइड स्टुडिओत रिसायझेबल एम्युलेटर मिळतो, फोन, घडीचा, टॅब, डेस्कटॉप असं चालू ॲपमधे बदलता येतं, घडीचा फोन हातात न घेता ६७३ डीपीचा लेआउट मी त्यावरच बघितला. कंपोझच्या प्रिव्ह्यूला स्क्रीन साइज आणि फॉन्ट स्केलचे तयार ॲनोटेशन लावले की सगळी मापं शेजारी शेजारी दिसतात. फायरबेस टेस्ट लॅबच्या फुकट योजनेत दिवसाला दहा चाचण्या एम्युलेटरवर आणि पाच खऱ्या फोनवर करता येतात, छोट्या ॲपला पुरतात. एवढं सगळं करूनही खऱ्या माणसाच्या हातातला खरा फोन बघितल्याशिवाय सोडू नका. उन्हात, स्क्रीनगार्डला तडे गेलेल्या फोनवर कार्डमधली करडी अक्षरं वाचता येत नव्हती, हे एम्युलेटरने कधीच सांगितलं नसतं, त्यामुळे करडा रंग गडद केला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्लेच्या इंटर्नल टेस्टिंगला (निवडक लोकांनाच मिळणारी चाचणी) टाकलं. तिथे शंभर जणांपर्यंत घेता येतात आणि बिल्ड लगेच पोचतं. दोन संस्थांचे सचिव आणि काही सभासद घेतले. लोकांना जीमेल पत्ता विचारणं, लिंक पाठवणं, ती कुठल्या खात्यातून उघडायची हे फोनवर समजावणं यातच बरेच दिवस जातात, ते धरून चला. माझं डेव्हलपर खातं जुनं आहे, तेव्हा एकदाच भरलेले २५ डॉलर, पुढे काही नाही. पण तुमचं वैयक्तिक खातं १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेलं असेल तर ॲप प्रॉडक्शनला, म्हणजे सगळ्यांसाठी खुलं करायच्या आधी क्लोज्ड टेस्टमधे किमान बारा जण सलग चौदा दिवस असावे लागतात. आधी ही अट वीस जणांची होती. वेळेचा अंदाज बांधताना हे दोन आठवडे विसरू नका.

टेस्टिंगमधे सचिव काकांनी एक सुचवलं जे मला सुचलं नव्हतं. टॅबवर यादी डावीकडे आणि नोंद उजवीकडे होती, त्यांचं फॅट मशीनही टेबलाच्या उजव्या बाजूला, आणि आकडा बघत भरताना नोंदीचा भाग मशीनच्या जवळ आहे हे फार बरं पडतंय म्हणाले, पण दुसऱ्या संस्थेत मशीन डावीकडे आहे, तिथलं काय. मग बाजू बदलायची एक सोय सेटिंगमधे दिली. काम थोडंच होतं, पण दिवसातून दोनदा, प्रत्येक सभासदामागे मान वळवायचा त्रास तिथल्या सचिवांचा गेला.

प्ले स्टोअरच्या पानासाठी सात इंची आणि दहा इंची टॅबचे स्क्रीनशॉट वेगळे टाकता येतात, ते एम्युलेटरवरून काढले, त्यात खऱ्या सभासदांची नावं येऊ नयेत म्हणून नमुना डेटा तयार ठेवा. प्री-लाँच रिपोर्ट (प्लेने आपोआप केलेल्या तपासणीचा) आला, त्यात कॉन्ट्रास्टचे आणि दाबायच्या जागेचे इशारे होते, ते दुरुस्त केले. रिव्ह्यूला काही दिवस गेले, तोवर रोज कन्सोल उघडून बघणं चालू होतं. मंजूर झाल्यावर एकदम सगळ्यांना दिलं नाही, टक्केवारीने सोडलं, थोड्यांना, मग निम्म्यांना. यात काही बिघडलं तर रोलआउट थांबवता येतं, आणि बिलाच्या दिवशी काही बिघडलं असतं तर ते माझ्यापेक्षा संस्थेच्या दारात उभ्या लोकांना जास्त भोवलं असतं. म्हणून वाढवताना दहा दिवसांच्या बिलाची तारीख टाळून मधले दिवस निवडले. तुमच्याही ॲपमधे असे गर्दीचे दिवस असतील, ते बघून तारीख धरा.

ऑक्टोबर संपायच्या आत शंभर टक्के झालं. मुदत १ नोव्हेंबरची होती, हातात दोनचार दिवस उरले. मावशींचा फोन संस्थेत पुन्हा बघायला मिळाला, अक्षर तेवढंच मोठं ठेवलेलं, रक्कम तारखेखाली पूर्ण दिसत होती.

राहिलेलं सांगते. पशुखाद्याची उधारी आणि वार्षिक अहवाल हे दोन स्क्रीन अजून जुन्या एक्सएमएलमधेच आहेत, त्यांना इन्सेट्स आणि किमान उंची एवढंच केलंय, रुंद पडद्यावर ते मधोमध सहाशे डीपीपर्यंतच पसरतात. वाईट दिसत नाहीत, पण अहवालात महिन्यांची तुलना शेजारी शेजारी दिसायला हवी, ते पुढच्या अपडेटला एपीआय ३६ करताना घेणार आहे. बिलाच्या कार्डात किंवा स्लिपच्या लेआउटमधे कुणाला नेमकं कसं केलं ते हवं असेल तर विचारा, कोडचे तुकडे देते.